आईचा जीव आधी

बाई गरोदर असल्याचं कानावर आलं की माझा हात आपोआप रजिस्टरकडे जातो. मोखाड्याच्या पाड्यांवर इतकी वर्षं नर्सची नोकरी केल्यावर दुसरं काय होणार? बारा आठवड्यांच्या आत नोंद झालीच पाहिजे, हे प्रत्येक मीटिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा कोणी मळमळतंय म्हणालं तर मी पाळीची तारीख विचारेन. त्या दिवशीही मी तेच केलं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. इतरांवर तोंडसुख घेण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. खोडाळ्याचा बाजार करून ती थेट उपकेंद्रात आली आणि दार लोटून खाली बसली. मी तिला चांगली ओळखत होते. तीन मुलींची आई. तिसरीच्या वेळी जीपमध्येच तिचं इतकं रक्त गेलं होतं, की मी तिचं पोट दोन्ही हातांनी दाबून धरून अख्खा घाट तशीच बसले होते. त्यानंतर आठवडाभर माझे दंड दुखत होते. त्या दुखण्यामुळे ती माझ्या पक्की लक्षात राहिली.

"मना आता पोर नको, सिस्टर," ती म्हणाली. "दिवाळी झाली का जगायला जायचा हाय. पोट घेऊन माती कशी कालवू? मागल्या वेळी तू होतीस म्हणून वाचली. भट्टीवर कोण हाय?"

आमच्याकडे घराला कुलूप लावून वीटभट्टीवर कामाला जाण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. तिचा नवरा आधीच भिवंडीकडे बिगारी कामाला गेला होता, तो तिथूनच परस्पर भट्टीवर येणार होता. मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. पाळीची तारीख विचारली, तर सात आठवडे झालेले. गोळ्यांवर काम झालं असतं, फक्त अशा अशक्त बाईला दवाखान्यात ठेवून, रक्ताची सोय करून. "कोणाला सांगू नको," ती म्हणाली. "नाही गं," मी म्हणाले, आणि बोलता बोलता तिचं नाव रजिस्टरात लिहून मोकळी झाले. मोबाइलवरच्या सरकारी यादीतही चढवलं.

चौथ्या दिवशी अंगणवाडीतून तिच्या दारात ताट आलं. डाळ, भात, भाजी आणि वर उकडलेलं अंडं. गरोदर बायांना शिजवलेलं जेवण मिळतं, आणि यादीत नवं नाव दिसल्यावर अंगणवाडीच्या ताईने ताट पाठवलं, तिची काय चूक? पण पाड्यावर अंड्याचं ताट कोणाच्या घरी गेलं, हे दवंडी पिटून सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या सासूला चार बायका 'आता नातूच होणार' म्हणून सांगून गेल्या होत्या. मी म्हटलं होतं कोणाला सांगणार नाही. सांगितलं नव्हतंच, फक्त लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, माझी नोकरी अजून बाकी आहे. डॉक्टर तरुण, सज्जन, श्रावण पाळणारे, कपाळावर गंध. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवर तिची नोंद पाहिली आणि खुर्चीत मागे रेलले.

"सिस्टर, माझ्या हातून हे होत नाही. भ्रूणहत्या म्हणजे महापाप. घरातून संस्कारच तसे आहेत."

"सर, कायदा तर वीस आठवड्यांपर्यंत..."

"कायदा मला शिकवू नका. आणि बघा ना, तीन मुली आहेत, नोंद झालेली आहे. उद्या कोणी विचारलं, चौथ्या वेळी का पाडलं, मुलगी होती म्हणून का, तर मी काय सांगू?"

म्हणजे अर्धं पाप शास्त्रातलं आणि अर्धी भीती चौकशीची. सात आठवड्यांच्या गर्भात मुलगा की मुलगी ते कोणाला कळतं? पण ते बोलण्याइतकी हिंमत मला तेव्हा झाली नाही. डॉक्टर म्हणाले, चहा घेऊ, बोलू. चहाच्या खोलीत आम्ही गेलो आणि ती बाहेर बाकावर बसली.

त्या खोलीत जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. विषय निघाला तशी सगळी मंडळी जमली. मोठ्या सिस्टर वसईच्या, ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "आमच्यात गर्भ राहिल्या क्षणापासून तो जीव. आठवडा असो की महिना, देवाने दिलेला श्वास आपण काढून घ्यायचा नाही." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. बाई मनाने वाईट नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनीच स्वतःच्या डब्यातली भाकरी बाहेर नेऊन तिला दिली.

रक्त तपासणारे भाई जव्हारचे. ते म्हणाले, "आमच्याकडे हिशोब वेगळा. चार महिन्यांनी गर्भात रूह येते, असं हदीसवरून मानतात. त्याच्या आधी काही मोठं कारण असेल तर कितीतरी आलिम-मौलाना परवानगी देतात. काही चाळीस दिवसांच्या पुढे नको म्हणतात, काही बिलकुलच नको. माझ्या आतेबहिणीच्या वेळी आम्ही तिघांना विचारलं, तर तिघांचं उत्तर वेगळं." आणि हसले.

औषधं देणारे दादा बौद्ध. ते पहिल्या शिलाचं बोलले, कुठल्याही प्राण्याची हिंसा करायची नाही. जुन्या नियमांत तर गर्भ पाडायला मदत करणाऱ्या भिक्खूला संघातून काढून टाकायचे. "पण धम्मात हेतू बघतात," ते म्हणाले. "लोभाने केलं की करुणेने केलं, फरक पडतो." त्यांना वाचनाचा नाद. मोबाइल काढून त्यांनी आणखी सांगितलं, की ज्यू लोकांत म्हणे गर्भामुळे आईच्या जिवावर बेतत असेल, तर तो पाडणं हे नुसतं चालतं असं नाही, ते कर्तव्यच ठरतं.

"ते आपल्याकडेही आहे," डॉक्टर लगेच म्हणाले. "आयुर्वेदातसुद्धा अडलेल्या बाईला आधी वाचवा असंच सांगितलंय. आईचा जीव आधी."

"आमच्यातही," भाई म्हणाले. "चार महिन्यांनंतरसुद्धा. आईचा जीव आधी."

मोठ्या सिस्टर जरा घुटमळल्या. आईवर उपचार करताना गर्भ गेला तर ते वेगळं, मुद्दाम पाडणं वेगळं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनीही मान डोलावली.

मला विचारलं, सिस्टर, तुमच्यात काय? मी म्हटलं, माझी आई सुईण होती. ती म्हणायची, पाचवी पुजेपर्यंत पोर देवाचंच असतं, ठेवायचं की न्यायचं ते त्याने ठरवायचं. पाचवी पुजली की ते आपलं. पण बाई मात्र पहिल्या दिवसापासून आपलीच, तिला देवाच्या भरवशावर टाकायची नाही. सगळ्यांना ते फार आवडलं. किती सुंदर, असं कोणीतरी म्हणालं. मीही वेड्यासारखी खूश झाले. दुसऱ्यांदा चहा आला.

"मग झालं तर," मी म्हटलं. "बाहेर बसलीय ना आई. साडेसहा रक्त, मागच्या वेळी मरता मरता वाचलेली."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता तिच्या जिवाला काय धोका आहे? चालत आलीय ती. लोहाच्या गोळ्या द्या, रक्त वाढवा. आणि पाडायचंच असेल तर नवऱ्याची सही घेऊन या, मग बघू."

अठरा वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही. कायद्यात स्वच्छ लिहिलंय, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. चार धर्मांचं पोटभर जेवण झालं आणि जिच्यासाठी पंगत बसली होती, ती बाहेर बाकावर भाकरीचा अर्धा तुकडा मुलींसाठी पदरात बांधत होती. तिचा देव कोणता, तिला काय वाटतं, हे आत कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. परतीच्या जीपमध्ये विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "देवाला काय विचारायचा? तो काय भट्टीवर येतो?"

नवऱ्याची सही यायला पंधरा दिवस गेले. त्याचा मोबाइल बंद, मग मुकादमामार्फत निरोप, मग तो एका दिवसासाठी आला आणि काही न विचारता कागदावर अंगठा लावून गेला. नऊ आठवडे उलटले, गोळ्यांचा काळ संपला. तो अंगठा घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाले, आता सोनोग्राफी लागेल, आणि सोनोग्राफीचे डॉक्टर रजेवर. पुढच्या खेपेला मोठ्या सिस्टरनी तिला बाजूला नेऊन समजावलं, की चौथं पोर सांभाळायला देव बळ देतो. तिने मान खाली घालून ऐकलं. प्रत्येक खेपेला तिचा एक दिवस बुडत होता, नागली कापायला आली होती, आणि घरात सासू जावयाला मिळत नाही असा मान तिला देत होती. त्या मानाचीच तिला सर्वात जास्त भीती वाटायची.

शेवटी मी म्हटलं, गेला हा दवाखाना खड्ड्यात. मंगळवारी मी तुला नाशिकला नेते. तिथे माझ्या ओळखीच्या एक बाई डॉक्टर आहेत, त्या कोणाचा धर्म विचारत बसत नाहीत. तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "मंगळवारी नक्की?" तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

सोमवारी दुपारी निरोप आला, की मंगळवारी वरचे साहेब शिबिराला येणार, सगळ्या नर्सेसनी हजर राहायचं, रजा मिळणार नाही. मी तिच्याकडे सांगावा पाठवला, हा मंगळवार राहू दे, पुढच्या मंगळवारी जाऊ. शिबिरात माझा विषय काय होता, तर सुरक्षित मातृत्व. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी फलक हातात धरून उभी होते, साहेबांनी फोटो काढला आणि भाषणात तेच वाक्य म्हटलं, आईचा जीव आधी.

ती पुढच्या मंगळवारपर्यंत थांबली नाही. कोणाकडे गेली, त्यांनी काय दिलं, ते तिने कधी सांगितलं नाही. रविवारी सकाळी तिची थोरली मुलगी धावत उपकेंद्रात आली. मी गेले तेव्हा ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, लुगडं भिजलेलं, ओठ पांढरे. पुन्हा तीच जीप, तोच घाट, पुन्हा माझे दोन्ही हात. ह्या खेपेला मी वाटभर शिव्या देत होते. ड्रायव्हरला वाटलं त्यालाच देतेय. तो बिचारा गाडी पळवत राहिला.

मोठ्या दवाखान्यात मात्र कोणी कोणाचा धर्म काढला नाही. भाईंनी धावत जाऊन रक्त जुळवलं, कमी पडलं तेव्हा बाही वर करून स्वतः झोपले. मोठ्या सिस्टर हातात बाटली धरून उभ्या होत्या आणि ओठांत प्रार्थना पुटपुटत होत्या. औषधवाले दादा रविवार असून घरून आले. डॉक्टरांनी तिची पिशवी साफ केली. ज्यांच्या हातून होत नव्हतं, त्यांच्याच हातांनी. आत जे होतं ते तर निम्म्याहून अधिक आधीच पडलेलं होतं, आता पाप कोणाच्या नावावर लिहायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामाने त्यांचं गंध ओघळलं होतं. "वाचली," ते म्हणाले. "देवाची कृपा."

मी त्यांच्यावर ओरडले. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. दोन महिन्यांपूर्वी ती चालत आली होती तेव्हा कुठे होती कृपा? तिचा जीव धोक्यात आहे हे पटायला तुम्हाला लादीवर रक्तच बघायचं होतं का? कपाळ पुसत ते म्हणाले, "तुम्ही बरोबर बोलताय, सिस्टर." मला तेही सहन झालं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. कारण ओरडताना मला तो मंगळवार आठवत होता, आणि तो मी कोणालाच सांगितला नव्हता.

चार दिवसांनी तिला घरी सोडणार होते. मी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. रजिस्टर मांडीवर होतं, तिच्या नावापुढचा रकाना भरायचा होता. मी तिला नीट समजावलं. पाळी कधी येईल, काय खायचं, पुढे दिवस राहू नयेत म्हणून काय काय करता येतं. भट्टीवर जाण्याआधी येऊन भेट, म्हटलं. आणि पुन्हा कधी असं काही झालं, तर दुसऱ्या कोणाकडे जाऊ नको, सगळ्यात आधी मला सांग.

ती माझ्या हाताकडे बघत होती. रागाने नाही.

"नाय सिस्टर," ती म्हणाली. "तुला नाय सांगायची आता. तू लिवतेस."