अंतरपाटावरची दोन नावं

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाहीये.

कसब्यात माझं अंतरपाटावर दोऱ्याने नावं भरून देण्याचं छोटं दुकान आहे. काम पूर्ण झालं की नावांसकट फोटो स्टेटसला टाकते, तीच माझी जाहिरात. या वेळी लग्न दोन मुलींचं होतं, एकमेकींशी. आपल्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे हे लोकांना कळावं, म्हणून त्यांचाही फोटो हौसेने टाकला.

तासाभरात त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. आवाज अगदी हळू. "ताई, तो फोटो काढाल का? वाघोलीला माझ्या घरी अजून माहीत नाही."

लगेच काढला. पण तोवर सदतीस जणांनी पाहिला होता. त्यात वाघोलीच्याच एक काकू आहेत. त्या हिला ओळखतात का, कोण जाणे. विचारायला जावं तर नसलेली शंका यायची.

दुपारपासून मुलीचा फोन बंद आहे.

तुम्ही फोटो टाकण्याआधी गिऱ्हाइकांना विचारता का? मी दोऱ्याचा रंगसुद्धा त्या दोघींना तीनदा विचारला होता. हे मात्र एकदाही विचारलं नाही.