पाळीवर ठेवलेली माळ

देवाशी सौदा करू नये, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आंबागडच्या किल्ल्याखाली आमची धानाची शेती. घरात मी आणि माझी बायको अनसूया, दोघंच. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मला नाद एकच होता, गावतलावात गळ टाकून बसण्याचा. त्याला आमच्याकडे गरी टाकणं म्हणतात. रोवणी उरकली की मी घरी कमी आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जास्त. अनसूया हसत शेजारणींना सांगायची, "माही सवत पान्यात राहते." एका वर्षी मी तुळशीची माळ घातली आणि देवाला शब्द दिला की गरी सोडतो, मासोळी सोडतो, तू मला एक मूल दे. माळकरी झालो तो भक्तीने कमी आणि आशेने जास्त, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दिवस राहिले. पूर्ण दिवस भरले. आणि मुलगी झाली ती मेलेलीच. आणीबाणी उठली त्यानंतरचा उन्हाळा होता तो. तलावाच्या पलीकडच्या पडीत जमिनीत तिला ठेवून आलो. तिचं नावही ठेवलं नव्हतं. गावातले जाणते म्हणाले, पाळीवरच्या भिवसन देवाला दर आखाडीत कोंबडा देत होतास, माळ घातल्यापासून नारळावर भागवलंस, त्याचा हा कोप. मनातून मी घरातल्या देवावर आणि पाळीवरच्या देवावर सारखाच जळत होतो. एकाने शब्द पाळला नाही, दुसऱ्याने सूड उगवला, आणि मधल्या मधे माझं घर बसलं.

अनसूया रडली नाही. तेच मला भीती घालत होतं. कच्चं अंग, ताप येऊन-जाऊन, त्यात तिचं खाणंच सुटलं. पेज भरवली तर ओठांच्या कडेने परत यायची. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण पोटात अन्नच नसेल तर औषध काय करणार? मी शेतीकडे पाहणं सोडलं आणि तिच्या खाटेजवळ भिंतीला टेकून बसू लागलो. लेक गेली, आता हीसुद्धा जाणार, एवढंच डोक्यात फिरत असायचं. हरिपाठ म्हणायला बसलो की ओठ हलायचे आणि आत काहीच नसायचं.

आखाडातल्या एका सकाळी ती आपणहून बोलली. "मरळीचा रस्सा करसान तं खाईन."

बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळ द्यायची ही आमच्या भागातली जुनी रीत. मरळीने अंगात ताकद भरते म्हणतात. त्या दिवशी बाजार नव्हता आणि बाजाराची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. शेजारच्या जनाकाकीला तिच्याजवळ बसवलं, आढ्याला खोचलेली बांबूची काठी काढली, दोरा-गळ तपासला आणि तलावावर गेलो. पाळीवर मोहाच्या झाडाखाली भिवसनाचा शेंदूर लावलेला दगड आहे. गळ्यातली माळ काढून मी त्या दगडावर ठेवली. माळ गळ्यात ठेवून मासा मारवत नव्हता. "आता तुम्ही दोघं देव आपसात काय ते बघून घ्या," म्हणालो. नमस्कारही केला नाही.

तो दिवस विचित्र होता. घडीत ऊन, घडीत अंधारून यायचं. वारा कधी गडाकडून तर कधी समोरून, आणि पाणी सारखं थरथरत राहायचं. गांडूळ लावून पाहिलं, पिठाची गोळी लावून पाहिली. तरंगायला बांधलेला भेंडाचा तुकडा लाटांवर नाचत होता, पण बुडत नव्हता. सर आली की मोहाखाली जायचो, उघडलं की परत पाण्याशी. पाळीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा गरी टाकून बसला होता. डोक्यावर पोत्याची खोळ. आमच्या गावचा नव्हता. एका सरीत तोही मोहाखाली आला.

"लागलं का काई, भाऊ?"

"नाई जी. मरळ पाहिजे होती. घरी बाई बिमार आहे."

"आज मासोळीचं मन नाई," तो म्हणाला. "पान्याचा भरोसा नाई तं ते बिचारी काहून वर येईन?" मग माळेकडे त्याची नजर गेली. माझ्याकडे पाहिलं. पाऊस थांबल्यावर आपल्या जागी निघून गेला.

दुपार कलली तेव्हा बेशरमाच्या झुडपाजवळ पाण्यावर लालसर काही हललं. मी पाहताक्षणी ओळखलं. मरळीची पिल्लं होती. कुंकू सांडावं तशी ती एकत्र फिरतात, आणि खाली मरळ राखणीला असते. गरी टाकणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं की अशा वेळी मरळ भूक म्हणून नाही, राग म्हणून गळावर येते. पिल्लांच्या मधे बेडकी टाकायची, की ती झडप घालणारच. मी तसंच केलं. दोऱ्याला असा हिसका बसला की काठी हातातून जाता जाता राहिली. ओढून काढली तर चांगली हातभर मरळ, काळीभोर, चिखलात शेपटी आपटणारी.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. पण तिला पिशवीत घालायला वाकलो तेव्हा पाण्याकडे लक्ष गेलं. पिल्लं पांगली नव्हती. ज्या जागेवरून मी तिला ओढलं होतं त्याच जागी ती गोल गोल फिरत होती. थोड्या वेळाने दुसरे मासे येऊन त्यांना टिपून खाणार, हेही मला माहीत होतं. ती आई होती की बाप, कोण जाणे. मरळीत दोघंही राखण करतात. आणि समोर, पाण्यापलीकडे, ती पडीत जमीन होती.

मी तिथेच चिखलात बसलो. हातात अनसूयेचं जेवण होतं, कदाचित तिचा जीवच होता, आणि माझा हात चालेना. "मला नाही कळत," मी मोठ्याने म्हणालो, "तूच सांग." कुणाला म्हणालो तेही कळलं नाही. पाऊस परत सुरू झाला. मी तिच्या ओठातला गळ हलकेच काढला आणि तिला पाण्यात सोडलं. लाल घोळका तिच्या मागोमाग आत गेला. मग मी खूप रडलो. लेकीला ठेवून आलो त्या दिवशीसुद्धा तसा रडलो नव्हतो.

रिकाम्या हाताने कसं जावं याचा विचार करत मोहाजवळ आलो. भिवसनापुढे पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या लहान लहान मासोळ्या होत्या. भिजू नये म्हणून माळ आत, दगडाच्या आडोशाला सरकवलेली. पाळीवर नजर टाकली तर म्हातारा नव्हता. पुढे आजूबाजूच्या गावांत चौकशी केली, कुणी ओळख दिली नाही. असेल कुणी पाव्हणारावळा. मी त्यावर वाद घालत नाही.

घरी येऊन अनसूयेला मरळीचं सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सोडली?" मी म्हणालो, "सोडली." तिने माझा हात धरला आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जनाकाकी म्हणाली, रडू दे तिले. ती थांबेपर्यंत मी चुलीवर त्या मासोळ्यांचा रस्सा केला. तिने भातावर घेऊन चार घास खाल्ले, आणि ते पोटात राहिले.

अंग धरल्यावर एकदा मी तिला विचारलं, मरळच का मागितलीस? ती म्हणाली, "मले कोठची भूक होती? तुमी भिंतीले टेकून बसून राहत होते. म्हनलं, हा मानूस मरते असा. तलावावर तं जाईन." मी तिला वाचवायला गेलो होतो आणि तिने मला वाचवायला धाडलं होतं. आम्हा दोघांना कुणी धाडलं, ते ज्याचं त्याला माहीत.

माळ मी पुन्हा घातली, त्या खेपेला काही न मागता. आम्हाला पुढे मूल झालं नाही. ते दुःख गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हिशेब देवाकडे मागणं मी सोडलं. जे हातात येईल ते त्याचं, आणि सोडावं लागेल तेही त्याचंच, एवढं मला त्या चिखलात उमगलं. आजही आखाडात आम्ही दोघं पाळीवर जातो. भिवसनाला नारळ फोडतो. कधी बेशरमाजवळ तो लाल घोळका दिसला, तर अनसूया पदरातले मुरमुरे पाण्यात टाकते आणि मला म्हणते, "पाहा जी, माह्या सवतीची लेकरं." मग आम्ही थोडा वेळ तिथे बसतो आणि घरी येतो.