सैतान बोकड मागत नाही

वडवणीच्या स्टँडवर बीडची गाडी लागली तरी अण्णा, माझे वडील, तोंड फिरवूनच उभे होते. आदल्या दिवशी त्यांनी बिरोबाला फूल लावलं होतं आणि ते डावीकडं पडलं होतं. आमच्या मेंढपाळाच्या घरात उजवं म्हणजे हो, डावं म्हणजे नाही. मेंढरं कुठल्या रानात न्यायची, पोरगी कुणाला द्यायची, सगळं त्या फुलावर. "देव न्हाई म्हणतोय, तरी कावून जातीस?" एवढंच ते बोलले. "मला जायचंय म्हणून," मी म्हणाले आणि गाडीत चढले. बीडपर्यंत रडले, पण मधे उतरले नाही.

बीडला नर्सिंग केलं, जर्मन शिकले, आता लाइपझिगच्या एका हॉस्पिटलात आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक आहे, शिफ्ट, हीटर आणि फ्रोझन मटार यांतच वर्ष सरतं. वॉर्डातली मैत्रीण आंके गळ्यात उलटी चांदणी घालते. "मी सैतानवादी," असं ती म्हणाली तेव्हा मी चहाचा कप खालीच ठेवला. मग तिनं समजावलं, की ते कुणाचीच पूजा करत नाहीत. सैतान ही त्यांच्या लेखी नुसती एक खूण, झुकायला नकार देणाऱ्याची. आपलं मन ओळखायचं, निर्णय आपण घ्यायचा आणि फसला तर नशिबाला बोल लावायचा नाही. मला हसूच आलं. हे तर मी घर सोडतानाच करून बसले होते, नाव तेवढं आत्ता कळलं!

या उन्हाळ्यात गावी गेले ती तशीच चांदणी घालून. लपवाछपवी मला जमत नाही, विचारेल त्याला तिचा अर्थ सांगितला. गावभर बोंब झाली, मायनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. अण्णांनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "तुझा त्यो सैतान मागतो काय? बोकड का कोंबडं?"

"काहीच न्हाई अण्णा. त्यो हायच न्हाई. आपलं आपल्यालाच इचारायचं."

"आन् चुकलं तर?"

"आपणच निस्तरायचं."

अण्णांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. "मंग आमचा बिरोबाच बरा. लई अवघड हाय तुजं." इतकं नेमकं मला आजवर कुणीच समजून घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात धाकट्या रेखाला मागणी आली. पाव्हणे ओट्यावर, अण्णा फूल भिजवून देवापुढं. रेखा आत आली. "अण्णा, नांदायचं मला हाय. फुलाला कावून इचारता?"

माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण गिळले. बोलायची पाळी तिची होती. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. फूल देवाच्या पायाशी तसंच ठेवून दिलं. "बोल मंग. तुला काय पायजे?"

"पाव्हण्यायला च्या पाजा आन् वाटं लावा. मला परळीला कॉलेजात जायचंय."

अण्णा उठले आणि स्वतःच चहाचं सांगून आले.

घर कुठलं, असं इथं लाइपझिगला कुणी विचारलं की पूर्वी मी चाचरायचे. आता छाती काढून सांगते, वडवणीजवळचं. तिथं देवाच्या आधी पोरीला विचारतात.