बंद करून पुन्हा उघडा

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीत बसणाऱ्या या गृहस्थाला सगळे ‘उघडमीट साहेब’ म्हणत. कुठल्याही काउंटरवरून तक्रार आली की उत्तर ठरलेलं, “बंद करा, पुन्हा उघडा.” आणि त्याने खरंच भागायचं, हीच तर पंचाईत होती.

रिकाम्या बेडची यादी सगळ्यांना एकाच डेटाबेसमधून मिळायची, पण स्क्रीन उघडताना एकदाच. नंतर वॉर्डातल्या सिस्टरने बेड मोकळा झाल्याची नोंद केली, तरी खालच्या काउंटरवर आपली आदल्या रात्रीची शिळी यादी. नोंद बदलली की प्रत्येक स्क्रीनने यादी नव्याने मागवायची, एवढीच दुरुस्ती. सुरुवातीला त्याने विचारलंही होतं. “चालतंय ना? मग कशाला हात लावता?” मॅनेजर म्हणाला. याने मान डोलावली. पुढे मॅनेजर बदलला, पण नव्याला विचारायचं याच्या जिवावर आलं. दुखणं माहीत, औषध माहीत, आणि वैद्यबुवा खुर्चीत चहा पीत बसलेले.

मग एका सकाळी त्याच्या थोरल्या भावाचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दादा शिंपी. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते म्हणून गिऱ्हाइकं चेष्टा करत. वहिनीने त्याला थेट याच हॉस्पिटलात आणलं. घाईत तिचा मोबाइल घरीच राहिला होता. काउंटरवरच्या बाईने रात्रीपासून उघडी असलेली यादी पाहिली.

“आयसीयूत बेड नाही. दुसरीकडे न्या, वेळ घालवू नका.”

“आमचे भावजी इथंच असतात, कॉम्प्युटरवर,” वहिनी म्हणाली.

बाईने वर फोन लावला. साहेबांनी काउंटरचा नंबर पाहिला, ‘आलं यांचं रडगाणं’ म्हणाले आणि फोन वाजू दिला.

दुसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. याच्या हॉस्पिटलातला बेड मात्र पहाटेच रिकामा झाला होता. दादा वाचला, वाचा गेली ती गेलीच.

त्याच आठवड्यात याने कुणालाही न विचारता दुरुस्ती केली. नव्या मॅनेजरने मीटिंगमध्ये कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

संध्याकाळी भावाकडे जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं, न उचललेल्या फोनसकट. आता वहिनीने चांगल्या शिव्या घालाव्यात, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं. ती दादाच्या ओठांच्या कडेची लाळ पुसत होती.

“आता झालं का नीट?” तिने विचारलं.

“झालं.”

“फार अवघड होतं का हो?”

त्याला खोटं बोलावंसं वाटलं. दादा त्याच्याकडेच बघत होता.

“नाही, वहिनी. एका दुपारचं काम.”

तिने फडक्याची घडी बदलली.

“आणि आम्ही सगळ्यांना सांगायचो,” ती म्हणाली, “भावजींना उगाच फोन करू नका, त्यांचं काम फार अवघड असतं.”