प्रत्येक दाराला कडुलिंब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे बोट दाखवीन. बीडकडच्या लहान गावात त्या मला शिकवत. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला निघायचे आणि वर्गातली निम्मी मुलं त्यांच्याबरोबर जायची. मला बाईंनी जाऊ दिलं नाही. स्वतःच्या घराच्या पडवीत माझं अंथरूण टाकलं आणि वडिलांना म्हणाल्या, "उन्हाळ्यात या आणि घेऊन जा." पुढे दरवर्षी हेच झालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या पडवीमुळे. आता बाईंना ऐकू फार कमी येतं. फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहितो.

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, निघोज्याच्या अलीकडे एका छोट्या शाळेत मी मुख्याध्यापकाचं काम बघतो. शाळेच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची लांब लाईन आहे. आमची बरीच मुलं तिथूनच येतात. त्यांचे आई-वडील ठेकेदाराकडून कंपनीत लागलेले, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या किंवा कधी एकच. खोल्यांचे मालक इथले जुने शेतकरी. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. आमच्या शाळा समितीचे अध्यक्षही तेच.

हिवाळा संपता संपता मुलांमध्ये कांजिण्या सुरू झाल्या. आधी पहिलीत, मग बालवाडीत. मालक शाळेत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, आमी काय म्हणतो, बंद ठेवा काही दिवस. एखादं पोर जास्त झालं म्हंजे लोक कुणाला धरत्याल? तुमाला आन् मला." मला पटलं. शाळा बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यास द्यायला मी लाईनमध्ये गेलो. कंपनीची बस नुकतीच गेली होती. एकामागून एक दारांना बाहेरून कुलुपं होती. मला वाटलं, सगळे गावाला गेले. मग एका खिडकीच्या गजांमागून आवाज आला.

"सर, शाळा कधी भरनार?"

दुसरीतली मुलगी होती. मागे तिचा धाकटा भाऊ खाटेवर उड्या मारत होता.

"बाहेर का नाही येत?" मी विचारलं.

"कुलूप हाय की. आई संध्याकाळी येती."

"आणि किल्ली?"

"आईकडंच. शेजारच्या काकूकडं ठेवत होती, पन काकूपण कामावर गेली." मग तिने मलाच समजावलं, "गॅसचं बटन आईनं काढून नेलंय. आमी काय जळत नाही."

मी खिडकीतून तिला वही दिली. ती पाढे म्हणू का विचारायला लागली. मी हो म्हटलं. तिने म्हटले, मी ऐकले. निघताना मला त्या गजांकडे पाठ करवेना. शाळा बंद ठेवून मी मुलांना घरी पाठवलं होतं, आणि घर म्हणजे हे होतं.

मी तडक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई नुसत्या वैतागलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळा बंद करायची गरज नाही. फोड आलेलं मूल खपल्या सुकेपर्यंत वेगळं ठेवा. बाकीच्यांना मोकळ्या हवेत बसवा, वर्ग एकमेकांत मिसळू देऊ नका. पण कोणाला फोड आलेत हे घरच्यांनी खरं सांगायला हवं. इथे कोणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, घामोळं आहे."

मी हे मालकांना सांगितलं. त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. या आठवड्यात घरं खरं बोलली तर शाळा चालू, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कुलूप. मी शाळा उघडून मुलांना व्हरांड्यात आणि पिंपळाखाली बसवलं. फाटकावर उभा राहून प्रत्येकाचे हात, मान, कपाळ बघू लागलो. अंगावर फोड दिसला की मूल परत. पण थंडी संपलेली असताना मुलं पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून यायला लागली. कपाळाला हळद-कुंकवाचे मळवट भरलेले.

खरं कारण मला माहीत असायला हवं होतं. आमच्या गावाकडेही कांजिण्यांना आजार म्हणत नाहीत. घरात बाया आल्या म्हणतात. देवी पाहुणी आलेली असते. तिचं नाव घ्यायचं नाही, फोडणी द्यायची नाही, परक्याने घरात यायचं नाही, आणि ते कळावं म्हणून दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची. मला हे आठवलं आणि फार हुशारी सुचल्यासारखं वाटलं. पालकांच्या सभेत मी म्हणालो, "कुणी तोंडाने काही सांगू नका. घरी बाया आल्या असतील तर दाराला पाला लावा. मी येता-जाता बघीन, समजून घेईन. अभ्यास दारात आणून देईन."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "सर आमच्याकडचेच हायत गं."

दुसऱ्या दिवशी लाईनमध्ये पाला दिसला. इथे एक डहाळी, चार दारं सोडून दुसरी. त्या घरांतली मुलं शाळेत आली नाहीत. डॉक्टरबाई येऊन औषध देऊन गेल्या. मालकांना मी अभिमानाने सगळं दाखवलं. ते म्हणाले, "व्हय, डोकं हाय तुमाला."

आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी मी लाईनमध्ये शिरलो तर प्रत्येक दाराला कडुलिंब होता. पहिल्या खोलीपासून शेवटच्यापर्यंत. मालकांच्या रिकाम्या खोलीलासुद्धा.

नळावर बायका होत्या. खिडकीतल्या त्या मुलीची आई तिथेच होती, तिची दुसरी शिफ्ट असावी. मी विचारलं, "हे काय? सगळ्यांच्या घरी बाया आल्या का?"

"आल्या म्हणायच्या," ती म्हणाली. बाकीच्या खुदखुदल्या.

"अहो, मला कसं कळणार मग?"

तिचं हसू गेलं. "तुम्हाला कळावं म्हणून लावला, तो ठेकेदाराच्या माणसालाबी कळला. बस घेऊन आला, दारं बघितली आन् म्हणला, पाला असंल त्यांनी बसमधी चढायचं नाही, बरं होईपर्यंत घरीच बसा. आता बसव म्हणावं. सगळ्या लाईनला बसव, आन् मशीनवर सोताच हुभा ऱ्हा."

"बसलं का मग कोणी घरी?"

"कुनी नाही. गुमान सगळ्यांना घेऊन गेला."

मला त्या बायकांचं कौतुक वाटलं. पण ठेकेदाराला जे दिसू नये ते आता मलाही दिसत नव्हतं. मुदत संपत आली होती.

"मग मला तरी सांगा कोणाच्या घरी आहे," मी म्हणालो.

"कसं सांगावं? तुम्ही चांगले हायत, पन फाटकात हुभं करून लेकराला माघारी पाठवता. सगळी लाईन बघती. आन् माघारी पाठवून कुठं पाठवता? कुलपातच ना? फोड आलेलं लेकरू कुलपात कोंडून जायचं आमी?" मग ती हळू म्हणाली, "माझ्या धाकट्याला हाय. तुमच्या सभेच्या आधीपासून."

मी मालकांकडे गेलो आणि रिकामी खोली मागितली. फोड आलेली मुलं दिवसभर तिथे एकत्र राहतील. लहानपणी ज्यांना कांजिण्या होऊन गेल्यात अशा बायका आपापल्या शिफ्टप्रमाणे आळीपाळीने बसतील. डॉक्टरबाई रोज डोकावतील. मी फाटकावरची तपासणी बंद करीन. आया गुपचूप मुलांना त्या खोलीत सोडतील.

मालकांनी दाढी खाजवली. "खोली घ्या," ते म्हणाले. "पन तेवढा पाला काढा राव. नवीन भाडेकरू दारातूनच पळत्यात."

पाला कोणी काढला नाही. शाळा मात्र बंद झाली नाही.

सुटलो, असं मला वाटलं नाही. रोज सकाळी मी व्हरांड्यात उभा राहून कंपनीची बस बघत होतो. त्यात अंगात कणकण असलेली माणसंही चढतात, हे खोलीत बसणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून मला कळलं होतं. त्याच आठवड्यात बाईंचं पत्र आलं. सुट्टीत येतोस ना, शाळा कशी चाललीय, असं विचारलं होतं. त्यांना मी पाठवलेलं पत्र असं:

"बाई, नमस्कार.

शाळा सुरू आहे. मुलं झाडाखाली बसतात, वारा सुटला की वह्या उडतात आणि अर्धा तास त्या गोळा करण्यात जातो. आजारी मुलांसाठी एक खोली मिळाली आहे. तिचं दार दिवसभर उघडं असतं. दुसरीतल्या एका मुलीला परवा फोड आले. आईने स्वतः येऊन मला सांगितलं, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही.

एक गोष्ट तुम्हाला सांगतो. मोठी माणसंही आजारी आहेत आणि कामावर जात आहेत. डॉक्टरबाईंना मी एवढंच सांगितलं, कोणाचंही नाव घेतलं नाही. नावं सांगितली तर त्या माणसांचं काम जाईल, बायका पुन्हा माझ्याशी खरं बोलणार नाहीत आणि शाळा बंद होईल. न सांगता राहिलो तर उद्या कंपनीत कोणाला तरी लागण होईल, आणि ते मला ठाऊक असेल. कुठल्याही बाजूला सरकलो तरी अंग भिंतीलाच लागतं. तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. तुम्हाला त्रास होईल.

सुट्टीत मी येणार नाही. आई-वडिलांनाही तसं कळवलं आहे. आया कामावर असेपर्यंत कोणीतरी इथे लागणार, म्हणून सुट्टीतही सकाळी शाळा उघडी ठेवायचं ठरवलंय. मालक अजून हो म्हणाले नाहीत.

आज दुपारी दुसरीच्या वर्गाच्या बाईंच्या मानेवर फोड दिसले. त्यांना लगेच घरी पाठवलं. उद्यापासून त्यांचा वर्गही मीच घेईन. पहाटेच उठायला हवं, म्हणून पत्र इथेच थांबवतो.

तुमचा विद्यार्थी"