होडीतून शेतावर

कमळाकरला आपल्या शेतावर जायला हल्ली होडी लागते. कासू गावाच्या पुढे खाडीकाठी त्याचं भातशेत. काही पावसाळ्यांपूर्वी उधाणाने बांध फोडला, खारं पाणी आत शिरलं आणि घरजावयासारखं तिथेच राहिलं. शेतकऱ्यांचा सरकारी हप्ता मात्र खात्यात येत राहिला. पैशाचं काय, मुलगा हरेश रोह्याच्या कंपनीतून त्याहून जास्त पाठवी. पण हप्त्याच्या निरोपात मोबाईल त्याला अजून शेतकरी म्हणत होता, आणि गावात तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

यंदा हुकूम निघाला: शेतात उभं राहून पिकासोबत फोटो काढा. पीक नाही तर हप्ता नाही. त्यासाठी कृषी खात्याची सुरभी, रोह्याजवळच्या अष्टमी गावची पोर, होडीत जीव मुठीत धरून बसली होती. मागे धोंडुबाईही चढली. नवऱ्याला एकटं सोडलं तर तो पाण्याकडे बघत दिवस काढतो, हे तिला पक्कं ठाऊक.

"हितं राता पिकायचा," कमळाकर वल्हं मारत म्हणाला. "लाल भात. पेज शिजली की शेजारीन ताटली घेऊन हजर."

पूर्वी बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, की सारं गाव चिखलाची घमेली घेऊन धावत सुटे. ज्याची वीतभर जमीन नाही तोही येई. कमळाकरच्या हळदीच्या दिवशीच खांड पडली आणि नवरदेव अंगावरच्या हळदीसकट चिखलात उतरला.

"लग्नात याचं तोंड बघितलं, तर कानात चिखल," धोंडुबाई म्हणाली. सुरभी खुदकन हसली. कमळाकरला मात्र भरून आलं. ती माणसं कुठे गेली, या विचाराने त्याला अलीकडे फार एकटं वाटे.

सुरभीच्या मोबाईलने शेत आल्याचं सांगितलं. चहूकडे गढूळ पाणी.

सुरभी हळूच म्हणाली, "काका, पलीकडच्या काठावरचं हिरवं शेत फोटोत घेते आणि भात लिहिते. कोण बघायला येतंय?"

"लिव गो," धोंडुबाई म्हणाली. "नायतर यादीतनं याचं नाव जाईल."

कमळाकरने वल्हं आडवं ठेवलं. मोह त्यालाही झाला, नाही असं नाही.

"नको पोरी. हितं भात पिकतंय असं तूच लिवलंस, तर खांड बुजवायला सरकार कशाला येल?"

"काका, हप्ता बंद होईल."

"व्हय."

तो हलत्या होडीत उभा राहिला. धोंडुबाईने मागून त्याचा सदरा घट्ट धरला आणि सुरभीने पाण्याचाच फोटो काढला.

हप्ता बंद झाला. बांधाकडे अजून कुणी फिरकलेलं नाही.

दिवाळीनंतर रोह्याच्या दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, "धंदा काय?"

कमळाकर घुटमळला. त्याच्या खांद्यावरून पुढे वाकत धोंडुबाई म्हणाली, "शेतकरी हाय. शेत पान्याखाली हाय, एवढंच."