काकूंच्या पातेल्यातली साखर

बेकरीतल्या सफरचंदाच्या टेबलावर काकूंचं राज्य होतं, आणि तेही सव्वीस वर्षांचं. जहाजावर आचारी म्हणून जग हिंडून आलेल्या म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना तिथं उभं केलं होतं. ऑस्ट्रियाच्या स्ट्रूडलसाठी, म्हणजे सारण भरलेल्या गुंडाळीसाठी, त्या कणीक ताणून चादरीएवढी करत, इतकी पातळ की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र खुशाल वाचावं. फ्रान्सचा उलटा टार्ट, फोडी खाली आणि पोळी वर असा भाजलेला, ताटात पालथा घालताना अख्खी बेकरी श्वास रोखून बघत असे. इंग्लंडचा क्रंबल मात्र त्यांच्या लेखी आळशांचा पदार्थ. "फोडींवर चुरा भुरभुरला की झालं," त्या नाक मुरडत.

उस्तादाचा नियम मालकांनीही पाळला होता: ज्याची जीभ खरी, त्याचं टेबल.

आणि गेले काही आठवडे काकूंना आपलंच सारण गोडमिट्ट लागत होतं. हिरवी, आंबट सफरचंदं शिजवायची आणि आंबटपणाचा मागमूस नाही. पहिला संशय फळवाल्यावर गेला. फळं मागून बदलली जातात की काय ते कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक सफरचंदाच्या बुडाशी लवंग टोचून ठेवली; संध्याकाळी सगळी लवंगेसकट जागेवर. मग दोन लिंबं पिळली, मग चार. तरी गोडच.

म्हणजे पातेल्यात कुणीतरी साखर टाकतंय. आणि यात फायदा कुणाचा? शेजारी बिस्किटं लाटणाऱ्या धाकट्या जावेचा. तिला इथं चिकटवलं कुणी? काकूंनीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

"काय गं, माझ्या टेबलाशी घुटमळतेस?"

"चाळणी शोधतेय, जाऊबाई."

"तुझ्या हातात आहे ती."

जाऊ हसली. काकूंना ते हसूही खटकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला जाते असं सांगून काकू पिठाच्या पोत्यांमागे दबा धरून बसल्या. गुडघे कुरकुरत होते. पाचच मिनिटांत जाऊ आली, झाकण काढलं आणि चांगली मूठभर साखर आत सोडली. काकूंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"सापडलीस."

जाऊ दचकली, पण हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं अर्धं लिंबू उचलून तिनं पुढे केलं. "चोखा."

काकूंनी चोखलं. ना डोळा मिटला, ना तोंड वाकडं झालं. पाणी प्यावं तसं.

"तुम्हाला मोठा ताप आला ना, तेव्हापासून हे चाललंय," जाऊ हळूच म्हणाली. "तुम्ही पिळत सुटता. गिऱ्हाइकांचे दात आंबले असते."

"मालकांना का नाही सांगितलंस? टेबल तुझं झालं असतं."

"झालं असतं. आणि ती कणीक कोण ताणणार होतं? मी? चादर सोडा, रुमालही व्हायचा नाही."

इतक्या दिवसांचा संशय असा दोन वाक्यांत कसा फिटणार? काकूंनी पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

"चाख. मला बरं वाटावं म्हणून बोललीस तर याद राख."

जावेनं बोट बुडवलं आणि तिचा चेहरा आक्रसला. "किती पिळलीत?"

"सहा."

"मग अजून चार चमचे लागतील."

"चार? तीन पुरे. लुटायला आणली आहे का साखर?" काकूंनी डबा ओढून मोजून तीन चमचे घातले आणि ढवळलं.

जावेनं पुन्हा चाखलं. मग चौथा चमचा घातला. काकूंनी तो पाहिला, आणि ढवळत राहिल्या.